लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद

वारकऱ्यांच्या मासिकात योग्याचे चरित्र कशाला, असे कोणी भाविक विचारील. विचारणे रास्तच आहे. आपला मार्ग नामाचा. योगयागाचा खटाटोप प्रपंची माणसाला झेपणारा नाही म्हणून संतांनी तो बाजूला ठेवला आणि आपल्या हाती टाळ दिले. चांगदेवांसारखा हठयोगी अखेर आळंदीच्या चिमुकल्या मुक्ताबाईंपुढे लीन झाला, ही कथा आपण कीर्तनांतून किती वेळा ऐकली असेल! पण त्याच माउलींनी सहाव्या अध्यायात आसनापासून कुंडलिनीपर्यंत योगाचे जे वर्णन केले आहे तसे मराठीत पुन्हा झाले नाही. आणि निवृत्तिनाथांच्या द्वारा माउलींना गहिनीनाथांचा वारसा लाभला, हेही आपण जाणतो. तेव्हा संतांचा रोष योगावर नव्हता. शरीर पिळून काढायचे, सिद्धींच्या मागे धावायचे आणि चार लोकांना थक्क करायचे, त्या खटपटीवर तो होता. ही खटपट योगातून वगळली तर मागे काय उरते, ते विसाव्या शतकात एका मराठी ब्रह्मचाऱ्याने शोधून काढले. त्यांची ही हकीकत.

त्यांचे मूळचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदे संस्थानातील डभोई गावचा. वडील शिक्षक, घरची गरिबी. दुसऱ्याच्या मदतीवर विद्या करावी लागली. बुद्धी मात्र तल्लख. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. आजच्या मुलांना या शिष्यवृत्तीची थोरवी कळायची नाही. आमच्या पाठशाळेत गुरुजी ती मिळवणाऱ्यांची नावे घेत तेव्हा आवाज जरा खाली आणीत. पुढे बडोद्याच्या कॉलेजात असताना अरविंदबाबू घोषांचा प्रभाव त्यांच्या मनावर पडला, ते तेव्हा तेथे अध्यापक होते. लोकमान्यांच्या चळवळीचे वारे तर सगळीकडेच होते. या तरुणाने आजन्म ब्रह्मचर्याचे आणि देशसेवेचे व्रत घेतले ते याच वयात, आणि ते शेवटपर्यंत पाळले.

बडोद्यात त्या वेळी राजरत्न माणिकरावांच्या तालमीचा मोठा लौकिक होता. माणिकरावांनी आपल्या उस्तादांचे, जुम्मादादांचे, नाव व्यायाममंदिराला दिले होते. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू, आणि मध्ये कसली भिंत नाही. गुणे १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे त्या तालमीत घुमले. भारतीय व्यायामाची सगळी अंगे त्यांनी तेथे कमावली, आणि पुष्कळ मुलांना एका हुकमासरशी व्यायाम कसा द्यावा हेही शिकले. हे मुद्दाम सांगतो. पुढे आयुष्यभर जो सौम्य अभ्यासाचा पुरस्कार करीत राहिला, तो गृहस्थ दुबळा म्हणून सौम्यतेकडे वळला असे कोणी समजू नये. तालमीची माती त्याच्या अंगाला लागलेली होती.

मग ते खानदेशात गेले. अमळनेर म्हणजे आपल्या सखाराम महाराजांचे गाव. बोरी नदीच्या वाळवंटात वैशाखात यात्रा भरते, ती आपल्यापैकी अनेकांनी केली असेल. तेथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात गुणे शिरले आणि १९१६ साली राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मुलांना आपली संस्कृती शिकवावी, अंधश्रद्धा आणि निरक्षरता घालवावी, हा ध्यास. इंग्रज सरकारला हे वातावरण मानवले नाही आणि १९२० साली ते महाविद्यालय बंद पडले.

त्याआधीच त्यांच्या आयुष्याला वळण लागून गेले होते. बडोद्याजवळ नर्मदेच्या काठी मालसर म्हणून गाव आहे. तेथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध योगी राहात. मूळचे बंगालचे, वैष्णव परंपरेत दीक्षा घेतलेले, देशभर पायी हिंडलेले. वयाची शंभरी त्यांनी केव्हाच ओलांडली आहे, असे शिष्य सांगत. गुणे १९१९ साली त्यांच्या पायांशी गेले. सहवास फार थोडा. १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला. पण तेवढ्यात त्या महापुरुषाने आसने, बंध, क्रिया आणि प्राणायाम यांची परंपरागत विद्या या शिष्याच्या ओटीत घातली.

आता येथे खरा प्रसंग उभा राहतो. गुणे हे इंग्रजी विद्या शिकलेले, अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे. गुरूने शिकवलेल्या क्रियांनी शरीरात काहीतरी विलक्षण होते, हा अनुभव त्यांना येत होता. पण काय होते? पोथ्यांतून मिळे ती भाषा नाड्यांची आणि चक्रांची. डॉक्टरांना विचारावे तर ते हसण्यावारी नेत. लोकांना विचारावे तर ते हात जोडत आणि सिद्धीच्या गोष्टी सांगत. हसणारे पारखून पाहात नव्हते आणि हात जोडणारेही पारखून पाहात नव्हते. मग गुण्यांनी ठरवले की आपण पारखावे. बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळा त्यांनी मिळवली, आपले काही विद्यार्थी बरोबर घेतले आणि १९२०-२१ च्या सुमारास उड्डियान बंध आणि नौली या दोन क्रियांची तपासणी आरंभिली.

गुरूची विद्या शिष्याने यंत्राला लावून पाहावी काय? आमच्या पाठशाळेत हा प्रश्न निघता तर निम्मे शास्त्री उठून गेले असते. आणि समजा, यंत्राने नकार दिला असता तर? मग ज्यांच्या पायी मस्तक ठेवले त्यांचे देणे खोटे म्हणून जगाला सांगावे लागले असते, नाहीतर गप्प बसून स्वतःशी खोटे व्हावे लागले असते. ही जोखीम थोडीथोडकी नव्हे, मंडळी. तरी त्यांनी ती घेतली. मला त्यांच्या चरित्रातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

झाले काय ते ऐका. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर टाकून पोट आत, वर ओढून घेतात. नौलीत पोटाचे मधले स्नायू तेवढे दोरासारखे पुढे काढून फिरवतात. जुने योगी पाण्यात बसून नौली करीत आणि पाणी गुदद्वाराने आपोआप आत घेऊन आतडे धुऊन काढीत. तिला बस्ती म्हणतात. पाणी वर चढते कसे, याचा उलगडा कोणाला नव्हता. कोणी शक्ती म्हणे, कोणी सिद्धी. गुण्यांनी क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली, आणि आतड्यात नळी ठेवून तेथील दाब मोजला. नौली करताच आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरला. म्हणजे आत पोकळी झाली आणि पाणी तिच्यात ओढले गेले. इतका साधा खुलासा! सिद्धी गेली, पण विद्या खरी ठरली. या पोकळीला त्यांनी नाव दिले ते आपल्या गुरूचे, माधवदास निर्वात. शिष्याने गुरूचे नाव देवळाला दिलेले आपण पाहतो, घाटाला दिलेले पाहतो. शरीरशास्त्रातील एका मोजमापाला दिलेले मी दुसरे ऐकले नाही.

पुढे १९२४ च्या ऑक्टोबरात, बोरघाटाच्या माथ्यावर लोणावळे येथे, त्यांनी कैवल्यधाम हा आश्रम स्थापला आणि त्याच महिन्यात योगमीमांसा हे नियतकालिक काढले. आता ते स्वामी कुवलयानंद झाले होते. संस्कृत शिकलेल्या माणसाला हे नाव ऐकून जरा गंमत वाटते, कारण अप्पय्य दीक्षितांचा अलंकारशास्त्रावरचा प्रसिद्ध ग्रंथ याच नावाचा आहे आणि विद्यार्थिदशेत आम्ही त्यावर डोकी फोडली आहेत. कुवलय म्हणजे निळे कमळ. आणि पृथ्वीमंडळ असाही अर्थ कोशात आहे. दुसरा अर्थ त्यांना जास्त शोभला असे म्हणायला हरकत नाही. लोणावळ्याच्या आश्रमात एकीकडे साधनेच्या खोल्या आणि दुसरीकडे रक्तदाब, श्वास, नाडी मोजण्याची सामग्री, असा देखावा तोवर देशात कोणी पाहिला नव्हता.

मोजताना निघाले ते सगळेच लोकांना रुचणारे होते असे नाही. प्राणायामाने शरीरात प्राणवायू पुष्कळ भरतो, असे तेव्हा सर्रास सांगत, आजही सांगतात. स्वामीजींच्या प्रयोगांत तसे आढळले नाही. प्राणायामाचा गुण वेगळ्या ठिकाणी आहे, पोटावर आणि छातीवर येणाऱ्या नियमित दाबांत आणि मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे, असे त्यांनी लिहिले. आपल्याच विद्येची एक लाडकी समजूत त्यांनी स्वतः खोडून काढली. कीर्तनकाराला हे जमणे किती कठीण, ते आम्हालाच ठाऊक! टाळी मिळवणारा दृष्टांत चुकीचा आहे असे कळले तरी तो सोडवत नाही.

या सर्व तपासातून अभ्यासाची जी रीत तयार झाली तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आसन म्हणजे कसरत नव्हे, हा तिचा पाया. पतंजलींनी आसन कसे असावे ते सांगताना स्थैर्य आणि सुख हे दोनच शब्द योजले, आणि ते साधायचे ते प्रयत्न ढिला करून, असे म्हटले. व्यायामात दम लागतो, घाम फुटतो, स्नायू थरथरतात. आसनात यांतले काही होऊ लागले तर कुठेतरी चुकले असे समजावे. झटका नाही, हिसका नाही. सावकाश आसनात जावे, तेथे निवांत राहावे, तितक्याच सावकाश परतावे. अवघड आसन आरंभी मिनिटाच्या अंशाएवढेच करावे आणि आठवड्या-आठवड्याने थोडे वाढवावे, असे त्यांनी आपल्या आसनांच्या पुस्तकात बसवून दिले. पूर्ण क्रम ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी हलका क्रम वेगळा दिला. कोणाला शीर्षासन वर्ज्य, कान वाहणाऱ्याने काय टाळावे, रक्तदाबाच्या माणसाने कुठे थांबावे, हेही लिहून ठेवले. योगाच्या पुस्तकात काय करू नये याला इतकी जागा देणारे ते पहिल्या काही जणांपैकी. यात्रेत अंगाच्या गाठी मारून पैसे गोळा करणारे जोगी पाहिले की मला त्यांच्या या सावधपणाची आठवण होते.

आणि शवासन! दिसायला सर्वांत सोपे, करायला सर्वांत अवघड. उताणे निजावे, पाय किंचित अलग, हात अंगापासून जरा दूर, डोळे मिटलेले. मग एकेका अवयवाकडे चित्त न्यावे आणि तो सैल सोडावा. छाती, पोट, पाय, हात, मान. सर्व अंग सैल झाले की लक्ष श्वासाकडे द्यावे. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही. तो येतो-जातो तेवढा पाहायचा. हळूहळू त्याला आपोआप एक लय येते आणि मनाची धावपळ ओसरते. यात झोप लागली तर ते शवासन नव्हे, जागेपणीच सैल व्हावयाचे आहे. दिवसभर वाट चालून पालखीच्या तळावर पाठ टेकणाऱ्या माणसाने, पोटात भाकरी जाण्याआधी, दहा मिनिटे हे करून पाहावे. पोटऱ्यांचे पेटके आणि डोक्यातली कलकल, दोन्ही जरा निवतात. आम्ही कीर्तनकार तीन-तीन तास उभे. रात्री कीर्तन संपले तरी डोक्यात मृदंग वाजतच राहतो. त्यावर हा उपाय मला लागू पडला आहे. गुडघ्यांचे म्हणाल तर ज्याला पद्मासन घालवत नाही त्याने ओढूनताणून घालू नये; सुखाने मांडी घालून बसले तरी काम होते.

१९२७ साली महात्मा गांधींचा रक्तदाब वाढून प्रकृती ढासळली, त्या वेळी स्वामीजींनी त्यांना यौगिक उपचार सांगितले आणि दोघांत पत्रव्यवहार झाला. देशाचा एवढा मोठा पुढारी रोगी म्हणून समोर. पण त्याला चमत्काराचे आश्वासन न देता, पेलेल तेवढेच सुचवावे, हाच स्वामीजींचा खाक्या.

नंतरची वर्षे संस्थांच्या उभारणीत गेली, ती मी भराभर सांगतो. १९३२ साली मुंबईस सांताक्रूझला शाखा निघाली. १९३६ साली ती चौपाटीजवळ समुद्रकिनारी आली आणि ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाने यौगिक आरोग्यकेंद्र म्हणून नावारूपास चढली. कचेरीतला कारकून, दम्याचा रोगी, पोटाच्या दुखण्याने त्रासलेला व्यापारी, असे लोक जिथे जिना चढून जातील आणि योग शिकून घरी परततील, अशी जागा होती ती. शाळांतील मुलांसाठी त्यांनी यौगिक संघव्यायाम रचला. येथे माणिकरावांची तालीम कामी आली. येल विद्यापीठाचे अभ्यासक बेहनान लोणावळ्याला येऊन शिकून गेले आणि १९३७ साली त्यांनी अमेरिकेत योगावर ग्रंथ प्रसिद्ध केला. राजकोटला १९४३ मध्ये शाखा झाली, १९५० च्या सुमारास लोणावळ्याला योगाचे महाविद्यालय उभे राहिले आणि अखेरच्या काळात जुनाट दुखण्यांसाठी रुग्णालयही.

योग हे मोक्षाचे शास्त्र. ते यांनी बद्धकोष्ठाच्या औषधाला लावले, अशी कुरकूर तेव्हाही होती, आजही जुन्या मंडळींत ऐकू येते. तिच्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. आज शहरांतून पोट कमी करण्यापुरताच योग करणारे पुष्कळ दिसतात, त्यांना यम-नियम विचारा, माहीत नसतात. पण हा दोष स्वामीजींच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. आश्रमाला त्यांनी आरोग्यधाम म्हटले नाही, कैवल्यधाम म्हटले. मुंबईचे केंद्र निघाले त्याच सुमारास अलिबागजवळ कनकेश्वराच्या डोंगरावर त्यांनी केवळ साधनेसाठी वेगळे स्थान केले. आणि १९६३ साली डॉ. विनेकरांबरोबर यौगिक उपचारांवर जे पुस्तक लिहिले त्यात पहिला मान आसनांना दिलेलाच नाही. आधी मनाची वृत्ती बदलावयाची. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे पतंजलींचे चार भाव अंगी बाणवायचे. मग शरीराच्या स्नायूंना आणि ग्रंथींना नवे वळण लावायचे. मग आहार आणि मलशुद्धी. कुढणारा, द्वेष करणारा माणूस कितीही आसने करो, त्याच्या पोटाचे दुखणे जाणार नाही, असा त्या मांडणीचा रोख आहे. हे ऐकून वारकऱ्याला परके वाटायचे कारण नाही. उलटही तितकेच खरे: पाठीच्या कळांनी ज्याला घटकाभर बसवत नाही त्याला ध्यान सांगून काय उपयोग? हरिपाठाला बसलेला म्हातारा निम्म्यात उठतो तो श्रद्धा कमी म्हणून उठतो काय?

माझी तक्रार असलीच तर निराळी आहे. स्वामीजींनी आपले मुख्य लेखन इंग्रजीत केले. जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे मांडावयाचे म्हणून ते आवश्यकही होते. पण त्यामुळे असे झाले की येलच्या विद्वानाला लोणावळ्याचा पत्ता आधी लागला आणि घाटाखालच्या शेतकऱ्याला पुष्कळ उशिरा. पुस्तके मराठीत आली ती नंतर. २०१५ पासून २१ जूनला जगभर योगदिन होतो; काही वर्षी तर त्या दिवशी आपल्या पालख्या वाटेवर असतात. त्या दिवशी भाषणांतून पुष्कळ नावे घेतली जातात, गुणे मास्तरांचे नाव मात्र क्वचितच कानी येते.

१८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, स्वामी कुवलयानंदांनी देह ठेवला. त्यांच्यामागे आश्रमाची धुरा स्वामी दिगंबरजींनी वाहिली. जुन्या पोथ्या मिळवून, पाठभेद ताडून, शुद्ध संहिता सिद्ध करण्याचे जे काम स्वामीजींनी गोरक्षशतकापासून हाती घेतले होते ते पुढे चालू राहिले, आणि १९७० साली स्वामी दिगंबरजी व रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादलेली हठप्रदीपिका लोणावळ्याहून प्रसिद्ध झाली. २०२४ साली कैवल्यधामाला शंभर वर्षे झाली. घाट चढून गाडी लोणावळ्याला थांबते, तेथून आश्रम दूर नाही.